बेथसैदाचा आंधळा आणि मुरबाडची सून

चारही शुभवर्तमानांत आंधळ्यांना दृष्टी लाभल्याच्या ज्या कथा आहेत, त्यांपैकी उपदेशकांच्या मुखी सर्वांत कमी येणारी कथा मला कित्येक वर्षांपासून सर्वांत प्रिय आहे. ती एकट्या मार्काने, आपल्या आठव्या अध्यायात, अवघ्या चार-पाच वचनांत सांगितली आहे. बेथसैदा गावी लोक एका आंधळ्याला प्रभू येशूकडे आणतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते काय म्हणून पुसतो. त्या माणसाला माणसे दिसतात खरी, पण ती चालत्या झाडांसारखी दिसतात. मग प्रभू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा कोठे त्याला सर्व काही स्वच्छ दिसू लागते. एका शब्दाने वादळ शांत करणाऱ्या प्रभूला येथे दोनदा हात ठेवावा लागला, ही गोष्ट पुष्कळ भाविकांना अवघडल्यासारखी वाटते. मला मात्र तीत आपल्या मराठी मुलखातील ख्रिस्ती अनुभवाची अवघी हकीकत साठवलेली दिसते.

मार्काची रचनाही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. या कथेला लागूनच पेत्राने येशूला ख्रिस्त म्हणून ओळखल्याचा प्रसंग येतो आणि त्याच्याच पाठोपाठ त्याच पेत्राला कठोर शब्द ऐकून घ्यावे लागतात; कारण ख्रिस्त त्याला दिसला, पण ख्रिस्ताचे दुःखभोग दिसले नाहीत. पुढे दहाव्या अध्यायाच्या अखेरीस, यरीहोच्या वेशीवर, बार्तिमय नावाचा दुसरा आंधळा भेटतो. त्याला एकाच वेळी दृष्टी येते आणि तो वाटेने प्रभूच्या मागे चालू लागतो. या दोन आंधळ्यांच्या मधला सगळा मजकूर, डोळे असून अर्धेच पाहणाऱ्या शिष्यांचा आहे. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाची कथा अधिक प्रसिद्ध आहे. चिखलाचा लेप, शिलोहाचे तळे, परूश्यांची उलटतपासणी, सगळेच तेथे नाट्यपूर्ण आहे. त्या कथेच्या शेवटी प्रभू दोष ठेवतो तो डोळ्यांनी आंधळ्या असणाऱ्यांवर नव्हे, तर आम्हांला दिसते असे म्हणणाऱ्यांवर. आध्यात्मिक अंधत्वाची चर्चा करताना ही मर्यादा पाळली नाही तर उपदेशकाच्या हातून शेजाऱ्याच्या श्रद्धेची हेटाळणी मात्र घडते, आणि तसे पुष्कळदा घडलेलेही आहे.

हे मला विशेषेकरून जाणवते ते ठाणे जिल्ह्यातील म्हशाच्या यात्रेत. मुरबाडहून कर्जतच्या वाटेवर असलेल्या या गावी पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची, लोकांच्या तोंडच्या म्हसोबाची, यात्रा भरते आणि तिचा गुरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मुरबाड-शहापूरचे कुणबी, ठाकर, कातकरी, घाटावरून उतरलेले शेतकरी, घोंगड्यांचे विक्रेते आणि नवस फेडावयास आलेले भाविक यांच्या गर्दीतून हिंडणे हा माझा जुना छंद आहे. एका वर्षी तेथे एक वृद्ध शेतकरी पाहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, नातवाच्या खांद्यावर हात. आणि तरीही बैल पसंत करण्याचे काम घराने त्याच्यावरच सोपवलेले. त्याने बैलाच्या मानेवरून, जुवाने पडलेल्या घट्ट्यावरून, पायांच्या सांध्यांवरून हात फिरवला, जबड्यात बोटे घालून दात चाचपले, आणि दलालाशी उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी सौदा ठरवून पुन्हा नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. बैलाला त्याने आपल्या हाताने पारखले; पण बाजारातून बाहेर पडण्याची वाट मात्र त्याला दुसऱ्याच्या आधारानेच चालावयाची होती, आणि त्यात त्याला किंचितही कमीपणा वाटत नव्हता. बेथसैदाच्या कथेतील एक तपशील तोवर माझ्या वाचनातून निसटत आला होता, तो तेथे उमगला: प्रभूने प्रथम दृष्टी दिली नाही, प्रथम हात धरला. ज्याचा चेहरा दिसत नाही अशाचा हात धरून गावाबाहेर चालत जाणे, हाच त्या आंधळ्याचा विश्वास. दृष्टी हे त्याचे पुढचे फळ.

मराठी ख्रिस्ती परंपरेविषयी लिहिताना तिचा इतिहास सांगण्याची वहिवाट आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली प्रसिद्ध झाले. वसई-साष्टीकडे पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती वस्ती झाली. विल्यम कॅरे यांनी बंगालमधील श्रीरामपुरास मराठी नवा करार 1811 मध्ये छापला. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. 1842 मध्ये अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाले. 1854 मध्ये बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला आणि 1857 मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. एवढे पुरे.

कारण मला सांगावयाची आहे ती मुरबाडच्या एका सुनेची गोष्ट.

नाशिकजवळच्या जलालपुरास 1868 मध्ये गोखल्यांच्या घरी जन्मलेली मनकर्णिका 1880 मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मी झाली. सासरे वामनराव टिळक सरकारी नोकरीतले, स्वभावाने अत्यंत करडे. त्यांचे वास्तव्य मुरबाडास होते आणि त्यांच्या धाकाखाली या अल्पवयीन सुनेने तेथे संसाराचे पहिले धडे घेतले. पती कवी, वक्ता, मनस्वी. आज येथे तर उद्या कोठे, कोणास ठाऊक नसे. माहेरचे सोवळे तर असे की, सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत स्वतःच्या सासऱ्यांना झालेल्या फाशीच्या प्रसंगाने मन विदीर्ण झालेले तिचे वडील बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेऊ देत नसत. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मकथनात लक्ष्मीबाईंनी हे सर्व ज्या निर्वैर प्रसन्नतेने लिहिले आहे, तिला मराठी गद्यात तोड नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मताची रुजुवात ते पुस्तक उघडून कोणीही करून घ्यावी.

टिळकांची हकीकत अधिक परिचित आहे. नागपूरहून राजनांदगावी जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. उतरताना त्यांनी नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत रुचले नाही, पण वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. पेन्सिलीने खुणा करीत वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनाशी, ते येऊन ठेपले आणि तेथून त्यांना हलवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असे ते पुढे सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना या विधानाची सत्यता पटते.

पण या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांपुढे अंधारच पसरला. आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन ती सुमारे साडेचार वर्षे वियोगात राहिली. काही काळ पंढरपुरास काढला. निंदा, कीव आणि उपदेश यांचा मारा सोसला. पुढे नगरास ती पतीजवळ आली ती आपले सोवळे, आपली भांडी आणि आपले पाणी वेगळे ठेवण्याच्या अटीवर. टिळकांनी ती अट मान्य केली. तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. त्या घरातील हे वेगळे पाणी मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्या पुरुषाला आपल्याला प्रकाश दिसला असे वाटत होते, त्याने आपल्या पत्नीच्या डोळ्यांवर तो प्रकाश बळेच लोटला नाही.

मग एके दिवशी एकांतात लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला: जाती देवाने केल्या की माणसांनी? जन्म सर्वांचा एकसारखा, मरण एकसारखे, देहाची घडण एकसारखी. देवाने पशूंत केलेला भेद डोळ्यांना दिसतो, तसा माणसामाणसांत का दिसत नाही? या विचाराने त्यांचा निश्चय झाला की, यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानावयाचे नाही. टिळक घरी आले तेव्हा लक्ष्मीबाईंनी तो त्यांना सांगितला आणि टिळकांना झालेला आनंद अवर्णनीय होता. येथे चमत्कार नाही, आकाशवाणी नाही, ग्रंथप्रामाण्याचा वाद नाही. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरच्या लेकीला, इतकी वर्षे जातीच्या आकृतींसारखी दिसणारी माणसे, प्रथमच माणसांसारखी दिसली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. दृष्टी आधी आणि विधी मागाहून, असा क्रम येथे लागला.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तो नेमका उलटा लागला. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील संस्कृतचे प्रकांड विद्वान. तीर्थाटन आणि दानधर्म यांत सारे वित्त गेले, उतारवयात डोळे अधू झाले आणि दुष्काळात आईवडील एकामागून एक गेले. भावासह पायी हिंडत, पुराणे सांगत कलकत्त्यास पोहोचलेल्या या मुलीला 1878 मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1883 मध्ये ती इंग्लंडास गेली. तेथे फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी तिने पाहिल्या आणि ही करुणा कोठून आली असे विचारले. उत्तरादाखल तिला विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे तिचा व तिची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

आणि तरीही रमाबाईंनी आपल्या साक्षीत निखालसपणे लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे ख्रिस्ती धर्म आपल्याजवळ होता, पण खुद्द ख्रिस्त नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी, 1891च्या सुमारास, सापडला. मधल्या काळात त्यांनी अमेरिका गाजवली, 1889 मध्ये मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले, विद्वानांशी वाद केले, पण अंतःकरणाला शांती नव्हती. तारण हे आपल्या पुण्याईने, विद्वत्तेने किंवा समाजसेवेने मिळवावयाचे नसून पाप्याने रिकाम्या हातांनी घ्यावयाचे दान आहे, हे त्यांना उमगले तेव्हा दुसरा हात डोळ्यांवर पडला. ख्रिस्ती झालेल्या प्रत्येकाने ही कबुली स्वतःशी पडताळून पाहावी. रविवारच्या उपासनेत नियमाने बसणाऱ्या कित्येकांना माणसे अजून झाडांसारखीच दिसतात.

त्यानंतरच्या रमाबाई पाहावयाच्या तर पुणे-दौंड रस्त्यावरच्या केडगावास जावे. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या आणि त्यांतून मुक्तिसदन उभे राहिले. मी तेथे प्रथम गेलो तो केवळ छापखान्याच्या कुतूहलाने. कारण रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत अवघे पवित्र शास्त्र उतरवले आणि आश्रमातील स्त्रियांच्या हातून ते छापवले. भाषांतर पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. परंतु केडगावात माझे मन गुंतून राहिले ते ‘बार्तिमी सदना’पाशी. अंध मुलींसाठीचे ते घर. मनोरमाबाईंनी स्पर्शलिपी आत्मसात करून या मुलींना बोटांनी वाचावयास शिकवले. यरीहोच्या वेशीवरच्या भिकाऱ्याचे नाव त्या घराला देणाऱ्या रमाबाईंनी आत्म्याच्या अंधत्वाबद्दल बोलताना देहाच्या अंधत्वाकडे पाठ फिरवली नाही, हे मला त्यांच्या सर्व ग्रंथांहून मोठे प्रमाण वाटते. आंधळ्याला केवळ दृष्टांतापुरते वापरणारा उपदेश ऐकला की मला हे घर आठवते.

टिळकांचीही वाट 1895 मध्ये संपली नव्हती. नगरच्या ईश्वरविज्ञानशाळेत शिकवणे, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, मिशनमधील मान्यता, हे सर्व असूनही काहीतरी धूसर राहिल्याची तळमळ त्यांना होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्या दरबारात एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना होती. परकीय मिशनची सनद ज्याला आहे त्यालाच दिसते, हा समज त्यांनी झुगारला. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. विवाहसमयी अक्षरओळखही नसलेल्या या स्त्रीने त्या महाकाव्याचे साठांहून अधिक अध्याय रचले. 1936 मध्ये त्याही गेल्या आणि त्यांचा दत्तू, म्हणजे देवदत्त टिळकांनी, शेवटचा हात फिरवून 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट आणि तेथून थेट नगर, असा जो हमरस्ता आहे, त्याच्या दोन टोकांकडे मी आता लक्ष्मीबाईंच्या आयुष्याच्या दृष्टीने पाहतो. अलीकडे सासऱ्यांच्या धाकातले मुरबाड, पलीकडे वेगळे पाणी भरून ठेवलेले नगर. मधल्या वीसेक वर्षांत तिचा हात कोणी ना कोणी धरला होता. कधी नणंदेने, कधी तऱ्हेवाईक पण प्रेमळ पतीने, आणि माझ्या श्रद्धेप्रमाणे या सर्वांच्या आडून प्रभूने. तारणाचा प्रारंभ दृष्टीने होत नाही, धरलेल्या हाताने होतो, असे माझे या सगळ्या वाचनानंतरचे ठाम मत आहे. आणि म्हणून ज्यांना अद्याप काही दिसत नाही त्यांच्याविषयी अधीर होण्याचा अधिकार कोणाही ख्रिस्ती माणसाला नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, दिवाळीच्या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावे, मुरबाडची पाने उरकून पुढे पळू नये, आणि ते मिटल्यावर मार्काचा आठवा अध्याय एकदा शांतपणे वाचावा. मुरबाड-शहापूरच्या शिक्षकांनी तर आपल्या विद्यार्थ्यांना ही सून आपल्याच भागात नांदली होती हे अवश्य सांगावे.