अजगराचे पाय

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या रानात अजगर आहे. त्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात, नरात जास्त ठळक. हे मागच्या पायांचे अवशेष आहेत. आत कमरेच्या आणि मांडीच्या हाडांचे तुकडेही सापडतात. नर मीलनाच्या वेळी हे काटे वापरतो.

साप पाय असलेल्या सरड्यांसारख्या पूर्वजांपासून आले. अर्जेंटिनातल्या ‘नजाश’ या जीवाश्म सापाला मागचे पाय होते. पाय का गेले, याचे उत्तर जनुकांत मिळते. पाय घडवणारे ‘सॉनिक हेजहॉग’ जनुक सापांत शाबूत आहे. त्याला पायाच्या जागी चालू करणारा डीएनएचा तुकडा मात्र बिघडला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो सापाचा तुकडा उंदरांत घातला, तेव्हा पाय अगदी खुरटे राहिले.

पनवेलचे डोंगर लाव्ह्याचे, त्यामुळे इथल्या कातळात जुन्या सापाची हाडे शोधणे व्यर्थच. गुजरातेत ढोली डुंगरीला मात्र दख्खनच्या लाव्ह्याआधीच्या थरात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनोसॉरचे घरटे सापडले. त्यात अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप होता! 2010 मध्ये त्याला ‘सनाजेह इंडिकस’ नाव मिळाले. वय सुमारे 6.7 कोटी वर्षे. आजच्या अजगराइतका त्याचा जबडा फाकत नसे, म्हणून त्याचे भक्ष्य अंडी नव्हे, नुकती बाहेर पडलेली पिल्ले असावीत.