पिशवी काढण्याआधी

गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. हजारात एखादी गाठही क्वचितच तशी निघते आणि पाळी थांबल्यावर बहुतेक गाठी आपोआप आकसतात. तरीही ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ या भीतीची किंमत मोठी आहे. धाराशिव जिल्ह्याशेजारच्या बीडमध्ये 2019 साली राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली.

त्रास नसेल तर अधूनमधून सोनोग्राफी पुरते. अंगावरून जास्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन अनेकींना पुरेसे ठरते. मूल हवे असेल तर फक्त गाठ काढणाऱ्या मायोमेक्टॉमीबद्दल विचारा. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती लहान करण्याचा उपचारही होतो.

डॉक्टर स्त्रीरोगात पदव्युत्तर शिकलेले असावेत आणि गाठ किती सेंटिमीटर, कुठे, शस्त्रक्रिया नाही केली तर काय, हे त्यांनी न कंटाळता सांगावे. अंडाशय राहणार की जाणार, हेही विचाराच. तरुणपणी ते काढले की हाडे लवकर ठिसूळ होतात.

तुळजापुरात शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर धाराशिव किंवा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्या. मात्र पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नका.