चोवीसपट लहान गाडीचा रंग

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ चं १/१२ प्रमाणातलं मॉडेल बाजारात आणलं. त्यासाठी कंपनीने खरीखुरी पोर्श ९११ विकत घेऊन पार सुटी केली होती! छंद म्हणून गाड्या जोडणाऱ्यांचं आवडतं प्रमाण मात्र १/२४. त्यात सव्वाचार मीटरची गाडी जेमतेम अठरा सेंटीमीटरची होते.

सुटे भाग जोडणं त्यामानाने सोपं. पातळ द्रावक सांध्यात आपोआप ओढला जातो, मॉडेलचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि उडून गेला की दोन्ही भाग एकजीव होतात. खरी कसोटी रंगाची. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटर असतो. तेवढाच थर मॉडेलवर बसला, तर चोवीसपटीने तो २.४ मिलिमीटर भासतो. दाराभोवतीची चार मिलिमीटरची फट इथे ०.१७ मिलिमीटर उरते आणि रंगाने सहज बुजते. म्हणून मुरलेले कारागीर रंगवण्याआधीच टोकदार हत्याराने अशा फटींच्या रेघा हलक्या हाताने खोल करतात. रंग वाळल्यावर पातळ काळपट रंगाचा थेंब रेघेला नुसता टेकवायचा. केशाकर्षणाने तो सरसर धावतो आणि बंद दार उघडेलसं वाटू लागतं. मला हा क्षण फार आवडतो. लाल गाडीवर काळ्याऐवजी गडद तपकिरी वापरावा, काळा फार भडक दिसतो.