नोकरी सुटली, कागद सुटेना

लातूर म्हटले की तुरीचा बाजार आठवतो, आणि हल्ली त्याच्याही आधी ‘लातूर पॅटर्न’. नांदेडही यात मागे नाही. डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांसाठी गावोगावची मुले येऊन खोल्या घेऊन राहतात. मुलांमागोमाग बाहेरच्या बड्या क्लासांच्या पाट्याही आल्या. नाव परगावच्या क्लासचे, भांडवल इथल्याच कुणाचे. याला म्हणायचे फ्रँचायझी. शिकविणारा मास्तर मात्र निव्वळ पगारी!

अशाच एका क्लासात पदार्थविज्ञान शिकविणारे आमच्या परिचयातले एक तरुण मास्तर परवा करारनामा घेऊन आले. मुदत ३ वर्षांची, त्यातली अडीच सरलेली. पण नोकरी सोडल्यावरही २ वर्षे नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत कुठेही शिकवायचे नाही, असे एक कलम त्यात होते. यांचे तर लग्न ठरलेले! “काका, पदार्थविज्ञानाखेरीज मला दुसरे येते तरी काय?” असे ते म्हणाले, तेव्हा मला हसू आले नाही.

आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याचे २७ वे कलम सांगते, की माणसाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद आहे तो नावलौकिकासह धंदा विकणाऱ्याचा. मास्तरांनी कुठे काय विकले आहे? श्रीरामपूरच्या झहीर खानवर करार संपल्यानंतरही हक्क सांगणाऱ्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली याच कलमावर बोट ठेवून परत पाठविले.

मग मास्तरांनी उद्याच उठून समोरच्या क्लासात जावे काय? छे! इथे गोलिकरी खटला आडवा येतो. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीने टायरच्या दोऱ्याची विद्या हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती. गोलिकरी तिथे १९६३ साली ५ वर्षांच्या करारावर लागले, आणि १९६४ सालीच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कराराची मुदत सरेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, त्यांना तसल्या धंद्यात काम करता येणार नाही. बंदी होती ती मुदतीपुरती. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीची गोष्ट निराळी.

‘मुदतीआधी गेलास तर पैसे भर’ ही अट आणखी निराळी. ३ वर्षांच्या आत सोडणाऱ्याकडून २ लाख रुपये घेण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरविली. तेव्हा बॉण्डचा आकडा सही करण्यापूर्वीच वाचावा.

मालकांनाही हा कायदा ठाऊक असतो हो! पण वकिलाची एक नोटीस गेली, की नवा क्लासवाला बिचकतो आणि मास्तर घरी बसतो. कलमाचे काम कोर्टाची पायरी न चढताच होऊन जाते.

मास्तरांना म्हटले, उरलेले सहा महिने निमूटपणे शिकवा. क्लासच्या छापील नोट्स आणि मुलांच्या फोन नंबरांची यादी बरोबर नेऊ नका. डोक्यातले पदार्थविज्ञान खुशाल न्या. आणि तुमची मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात आहेत ना, ती आधी मागून घ्या.