डोळ्यातलं इंजेक्शन आणि ट्रेमधलं स्टील

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली की दौलताबादची माणसं छत्रपती संभाजीनगरला जातात, घाटी रुग्णालयात किंवा शहरातल्या एखाद्या नेत्रालयात. तिथे डोळ्यात इंजेक्शन देतात, त्यामुळे सुईची धास्ती असतेच. त्यात ट्रेमधली स्टीलची अवजारं दिसली की शंका येते: हे दुसऱ्या कुणाला वापरलेलं तर नसेल?

गैरसमज: प्लास्टिकचं नवं तेवढंच सुरक्षित, पुन्हा वापरलेलं स्टील धोक्याचं.

सुई आणि सिरिंज प्रत्येक डोळ्याला नवीच हवी, इथे तडजोड नाही. केसासारख्या बारीक पोकळीत अडकलेलं काही धुऊन निघत नाही. पापण्या उघड्या धरणारा स्पेक्युलम आणि बुबुळाच्या काठापासून साडेतीन-चार मिलिमीटर मोजणारा कॅलिपर यांची गोष्ट वेगळी. ही भरीव धातूची साधी अवजारं. ती घासून, धुऊन, वाळवून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर 121 किंवा 134 अंश सेल्सिअसला ठरलेला वेळ ठेवली, तर नव्याइतकीच निर्जंतुक होतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग वाफ लागली की गडद होतो. मात्र जंतू मेल्याचा तो पुरावा नव्हे, त्यासाठी यंत्राची वेगळी जैविक चाचणी घ्यावी लागते. पाकीट ओलं किंवा फाटलेलं असेल तर आतलं अवजार वापरू नये.

दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयातल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बरंच साहित्य पुन्हा वापरतात. एका शस्त्रक्रियेमागे होणारं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे 5 टक्के निघालं आणि रुग्णांचे निकाल तोडीस तोड होते. प्रत्येक वेळी फेकून देणं हाच सुरक्षिततेचा एकमेव मार्ग आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

गैरसमज: उकळलं किंवा स्पिरिटने पुसलं की झालं.

काही जिवाणूंचे बीजाणू दोन्हींतून वाचतात.

गैरसमज: अवजार निर्जंतुक म्हणजे काळजी मिटली.

खरी जोखीम बऱ्याचदा अवजारांबाहेरच असते. जंतू अनेकदा पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात, म्हणून आधी डोळ्यात पोविडोन-आयोडीन घालतात. जळजळतं, पण ते टाळायला सांगू नका. टोचताना कुणी बोलू नये, कारण तोंडातले जंतूही डोळ्यात जाऊ शकतात. आणि औषध! बेव्हासिझुमॅबच्या एका 4 मिलिलिटरच्या बाटलीतून डोळ्याला लागतं जेमतेम 0.05 मिलिलिटर, त्यामुळे एक बाटली अनेकांत वाटली जाते. हे वाटप निर्जंतुक जागेत, नियमाने झालं तर ठीक. तीच बाटली दिवसभर पुन्हापुन्हा टोचली, तर एका चुकीची किंमत अनेक डोळे मोजतात. गुजरातेत हे इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाल्यानंतर 2016 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी बेव्हासिझुमॅबच्या डोळ्यातल्या वापराबद्दल इशारा दिला होता. तो पुढे मागे घेतला गेला, पण वाटपातल्या काळजीचा प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा ट्रेकडे बघून घाबरण्यापेक्षा विचारा: सुई-सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फोडणार ना? औषध कुठे, कधी भरलं? इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.