*भात विकताना पहिला आकडा आपला असू द्या*



झोडणी झाली की व्यापारी खळ्यावर येतात. समजा, पहिलाच भाव सांगितला "अठराशे". तुम्ही घासाघीस करून साडेएकोणीसशेवर आणलात. दीडशे वाढवून घेतले म्हणून बरं वाटतं. पण २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे क्विंटलमागे ४१९ रुपये कमी. २० क्विंटलला ८,३८० रुपये.

*असं का होतं?*
ऐकलेला पहिला आकडा डोक्यात नांगरासारखा रुततो. शेतातला नांगर नव्हे, होडीचा. नांगरलेली होडी हलते, पण दोर पुरेल तेवढीच. आपली घासाघीसही त्या अठराशेभोवतीच फिरते.

ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली यावर एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश शेकडा किती? १० पाहिलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरीही!

*म्हणून हे करा:*
१) व्यापारी येण्याआधी हमीभावातून खरेदी केंद्रापर्यंतचं गाडीभाडं आणि हमाली वजा करा. उरेल तो आकडा वहीत लिहून ठेवा.
२) उत्पन्न नजरेने ठरवू नका. कापणीच्या वेळी चांगल्या, मध्यम आणि हलक्या अशा तीन जागी १ मीटर × १ मीटर भात कापा, झोडा, वाळवा, तोला. सरासरी ग्रॅमला ४ ने गुणा, एकरी किलो मिळतील. ४५० ग्रॅम आले तर एकरी साधारण १८ क्विंटल.
३) दाणा नीट वाळवा. हमीभावाला ओलावा १७ टक्क्यांपर्यंतच चालतो.
४) समोरच्याने आधी भाव टाकला तर "थोडं वाढवा" म्हणू नका. वहीतला आकडा सांगा. जमत नसेल तर "उद्या कळवतो" म्हणा.
५) पैशांची तातडी असेल तर गरजेपुरताच माल द्या, सगळा नको.

एक लक्षात ठेवा, गेल्या साली कुणाला तरी मिळालेला चढा भाव हाही नांगरच. तो धरून बसलो तर माल घरात उंदीर-किडे खातात. आकडा दर हंगामात नव्याने काढा.

हिशेब जमत नसेल तर वही घेऊन कार्यालयात या, एकत्र बसून काढू.

– कृषी सल्लागार, पनवेल