विरजण आहे का?

पालघरच्या या खोलीत टेबलाच्या एका बाजूला समुपदेशक मॅडम, समोर बोईसरहून आलेली बाई. तिला विचारूनच मी कोपऱ्यात बसले आहे. तिच्या मांडीवर सासूचा केसपेपर आहे. आईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला जाते, एवढंच ती घरी सांगून आली आहे.

"गोळ्या घेतल्या?" मॅडमचा पहिला प्रश्न.

"नाही अजून."

"जाताना आठवणीने घ्या ताई. रिकाम्या हाताने घरी जाऊ नका."

ती तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. पगार तिच्या खात्यात येतो, कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं. माहेर धुळ्याकडे. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चारचा. बांगड्यांच्या वर हिरवट पडलेला डाग मला दिसतो. मॅडम मात्र हाताबद्दल विचारत नाहीत.

"कधी गळा दाबला होता?"

ती पंख्याकडे बघत राहते. "दोनदा. एकदा दिवाळीनंतर. आणि परवा."

मॅडमचं पेन थांबतं. "वर वळ दिसला नाही तरी आतून इजा असू शकते. आज डॉक्टरांना दाखवूनच जायचं. आणि ताई, गळ्याला हात घालणारा माणूस पुढे जिवावर उठू शकतो. मुलांना घेऊन आजच निघायचं असेल तर सखी केंद्रात पाच दिवस राहता येईल. पोलीस, वकील, डॉक्टर यांची मदत तिथूनच मिळते."

"पगार सात तारखेला होतो. तोवर नाही निघता येणार." मग हळूच, "खोलीचा करारही त्यांच्याच नावावर आहे."

"असू दे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आहे. खोली भाड्याची असो, नवऱ्याच्या नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरतात, अर्ज न्यायाधीशांपुढे जातो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. संरक्षणाचा आदेश मिळाल्यावर त्यांनी तो मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते."

ती मान हलवते, पण आजची रात्र तिच्या चेहऱ्यावरून हटत नाही. मॅडमना ते कळतं. त्या अर्ज बाजूला सारतात.

"भांडण पेटतं तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"ओट्यापाशी."

"तिथे सुरी आहे, गॅस आहे. आवाज चढला की तिथून निघायचं. मोरीतही शिरायचं नाही, अडकून पडाल. उंबऱ्याकडे सरकायचं. शेजारी भरवशाचं कोण?"

"बाजूच्या काकू."

"आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, एकेक करून काकूंकडे ठेवा. एकदम हलवलंत तर लक्षात येईल. आता एक शब्द ठरवू. मुलगी काकूंकडे काय काय मागायला जाते?"

"साखर. मिरच्या."

"मग ते नको. कधीच मागत नाही असं काहीतरी."

ती विचार करते. पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडतात. "विरजण."

"विरजण. मुलीने 'विरजण आहे का' विचारलं की काकूंनी पोरांना आत घ्यायचं आणि 112 लावायचा."

"का राहतेस?" हा प्रश्न अशा बाईला सासर, माहेर, चाळ, सगळे विचारतात. या खोलीत तो कुणी विचारत नाही. ते मला फार मोलाचं वाटतं. कुठल्या तारखेला, कुठल्या दाराने निघायचं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आपण तोवर तिच्या हाताला लागेल असं काही देऊ शकतो. आज तो एक शब्द आहे.

मॅडम पत्रक पुढे करतात. ती घेत नाही. "पिशवी तपासतात ते." मग महिला हेल्पलाइनचा 181 आणि मॅडमचा दहा आकडी नंबर ती तोंडपाठ करते. तिसऱ्या खेपेला चुकत नाही.

दारापर्यंत जाऊन ती वळते. "पोरीला खेळ म्हणून शिकवू का?"

"खेळ नको. खरं सांगा. तू मध्ये पडायचं नाहीस, भावाला घेऊन निघायचं. आणि यात तुझी काही चूक नाही, हेही सांगा."

ती मान डोलावते. "आधी डॉक्टर, मग गोळ्या, मग डहाणू लोकल," स्वतःलाच बजावत ती पायऱ्या उतरते. पत्रक टेबलावर तसंच आहे.